लेड-ॲसिड आणि लिथियम : एका गाडीत दोन स्वभाव

गोंदियाच्या बाजारात आणि रेल्वे स्थानकाबाहेर आता ई-रिक्षा सहज दिसतात. अशा रिक्षांमध्ये सीटखाली बहुधा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात; एकूण ४८ व्होल्ट. घरच्या इन्व्हर्टरला असते तीच ही जात, लेड-ॲसिड. जुनी छोटी मोटार किंवा व्हॅन घेऊन तिचे इंजिन काढायचे आणि जागी विजेची मोटर बसवायची, असे प्रयोग करणारे हौशी लोकही पुष्कळदा याच बॅटऱ्यांपासून सुरुवात करतात. त्या स्वस्त पडतात, तालुक्याच्या गावी मिळतात, आणि त्यांत पाणी टाकणारा माणूसही जवळच असतो.

अडचण पुढे येते. गोंदियाहून आमगावला जाऊन परत यायचे म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर. बॅटऱ्या नव्या असताना हे अंतर जेमतेम निघते. त्या थकल्या की परतीच्या वाटेवर गाडी मान टाकते. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या आणि जास्त टिकाऊ, पण सगळा संच एकदम बदलायचा तर पैसा बराच लागतो. मग साहजिकच एक विचार सुचतो : आहेत त्या लेड-ॲसिड राहू द्याव्यात आणि शेजारी लिथियमचा एक छोटा संच जोडून द्यावा. दोघी मिळून गाडी ओढतील. हे जमेल का?

उत्तर ‘हो’ आहे आणि ‘नाही’ही आहे. कोणत्या अटीवर हो आणि कुठे ठाम नाही, हे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातील विद्युतघटांच्या धड्यावरूनच ठरवता येते. चूक झाली तर केवळ पैसे वाया जात नाहीत, सीटखाली आग लागू शकते. म्हणून हा विषय वर्गात नीट समजून घेण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते.

पाणी पातळी पाहून वाहते

बॅटरी घेताना आपण ‘किती अँपिअर-तासांची?’ असे विचारतो. १०० आणि १०० मिळून २०० झाले, असा हिशेब मनात असतो. पण बॅटरी ही धान्याची कोठी नव्हे.

आपल्या पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचे, उदाहरण घेऊ. दोन तलाव एका पाटाने जोडले, तर पाणी कोणत्या तलावातून कोणत्या तलावात जाईल? मोठ्यातून लहानात? नाही. ज्याची पातळी वर, त्यातून ज्याची खाली त्यात. तलाव किती एकरांत पसरला आहे याला त्या क्षणी महत्त्व नसते. बॅटरीच्या बाबतीत ही पातळी म्हणजे व्होल्टेज, आणि तलावाचा पसारा म्हणजे अँपिअर-तास.

आता दोघींच्या पातळ्या पाहू. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवली, की तिच्या टोकांवर सुमारे १२.७ व्होल्ट मिळतात. निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास, आणि पार रिकामी झाली की ११.८ च्या खाली. म्हणजे ती उतरत जाते तशी पातळीही सरळ खाली येत जाते.

लिथियम हे एकाच बॅटरीचे नाव नव्हे, ते कुटुंबाचे नाव आहे. या कुटुंबातला आपल्या कामाचा सदस्य म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट. जॉन गुडइनफ यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून या पदार्थावरचा शोधनिबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे दोघे भारतीय होते. पुढे २०१९ साली गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या पदार्थाच्या एका घटाचे व्होल्टेज सुमारे ३.२ ते ३.३ असते. चार घट एकसर जोडले की १३ च्या किंचित वर. विशेष म्हणजे भरलेली असो की पाऊण रिकामी, त्याची पातळी फारशी हलत नाही. पसरट तळ्यासारखी ती जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते आणि अखेरच्या दहाव्या हिश्शात मात्र एकदम कोसळते.

धारा कशी वाटली जाते?

दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडल्या, म्हणजे धन टोक धन टोकाला आणि ऋण टोक ऋण टोकाला, तर दोघींच्या टोकांवरचे विभवांतर एकच असते. प्रत्येकीतून किती धारा निघेल याचे सूत्र सोपे आहे : बॅटरीचे विद्युतचालक बल वजा टोकांवरचे विभवांतर, भागिले तिचा अंतर्गत रोध.

समजा, लिथियमचे विद्युतचालक बल १३.२ व्होल्ट आणि तारांसह अंतर्गत रोध ०.००५ ओहम आहे. लेड-ॲसिडचे अनुक्रमे १२.७ व्होल्ट आणि ०.०१ ओहम. हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, पण ते वास्तवाला धरून आहेत. गाडी ४८ व्होल्टची असेल तर व्होल्ट आणि रोध दोन्ही चौपट होतील, धारा मात्र याच राहतील.

गाडी सपाट रस्त्यावर चालली आहे आणि मोटर १०० अँपिअर घेते आहे. गणित केले तर टोकांवर नेमके १२.७ व्होल्ट येतात. म्हणजे लिथियममधून ०.५ भागिले ०.००५, अर्थात १०० अँपिअर, आणि लेड-ॲसिडमधून शून्य! सगळे ओझे एकटी लिथियम वाहते. दुसरी नुसती शेजारी बसून आहे.

आता देवरीच्या बाजूचा चढ लागला आणि मोटरने २५० अँपिअर मागितले. टोकांवरचे विभवांतर १२.२ वर येते. लिथियम २०० अँपिअर देते आणि लेड-ॲसिड ५०. म्हणजे गरज पडली तशी दुसरी मदतीला आली.

मोटर फक्त ६० अँपिअर घेत असेल, तर गंमत होते. विभवांतर १२.८३ येते. लिथियम सुमारे ७३ अँपिअर देते. त्यांतले ६० मोटरला आणि उरलेले १३ लेड-ॲसिडमध्ये शिरतात. म्हणजे एक बॅटरी दुसरीला चार्ज करत असते. प्रत्यक्षात भरलेल्या लेड-ॲसिडचे व्होल्टेज चार्ज होताना लगेच वर चढते, म्हणून ही उलटी धारा लवकरच बारीक होते.

शेवटी लिथियम संपत आली, तिचे बल समजा १२.४ व्होल्टवर उतरले, की त्याच ६० अँपिअरपैकी लिथियम २० आणि लेड-ॲसिड ४० देऊ लागते. कोणताही खटका न दाबता काम एकीकडून दुसरीकडे सोपवले जाते.

तात्पर्य, या जोडीत काम निम्मे-निम्मे वाटले जात नाही. आधी लिथियम राबते, लेड-ॲसिड राखीव राहते. चढावर हात लावते आणि शेवटी घरी पोहोचवते.

यात फायदा काय?

फायदा दोन्ही बाजूंनी आहे. लेड-ॲसिडला भरलेले राहणे मानवते. ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. लिथियम शेजारी असली, की ती जास्त वेळ भरलेली राहते.

दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा. लेड-ॲसिडमधून जितक्या घाईने वीज काढाल तितकी ती कमी देते. पॉइकर्ट नावाच्या जर्मन संशोधकाने १८९७ साली याचा नियम मांडला. बॅटरीवर लिहिलेले १०० अँपिअर-तास हे बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपिअरने, वीज काढण्यासाठी असतात. पॉइकर्टचा घातांक १.२ धरला, तर तीच बॅटरी ६० अँपिअरने सुमारे ६१ अँपिअर-तासच देते. ३० अँपिअरने काढले तर ७०, आणि १० अँपिअरने काढले तर ८७. ‘शंभराची बॅटरी घेतली आणि तासाभरात संपली’ ही तक्रार पुष्कळदा विक्रेत्याच्या लबाडीची नसते, ती या नियमाची असते. लिथियमच्या बाबतीत हा परिणाम फारच कमी. म्हणून जोडीत लेड-ॲसिडवरचा ताण कमी झाला, की तिच्याच पोटातली आधी न मिळणारी वीज मिळू लागते.

मोठ्या कारखान्यांनी काय केले?

बंगळूरच्या रेव्हा या छोट्या मोटारीत २००१ पासून ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, ९.६ किलोवॅट-तास. लेड-ॲसिडच्या एका किलोत सुमारे ३५ वॅट-तास मावतात असे धरले, तर एवढ्या विजेसाठी पावणेतीनशे किलो बॅटऱ्या लागतात. चार माणसांचे वजन गाडीने कायम अंगावर वागवायचे! पुढे त्याच गाडीची लिथियमची आवृत्तीही निघाली.

दोन्ही जाती एकत्र नांदवण्याचे उदाहरण मारुती सुझुकीचे. २०१८ साली आलेल्या सियाझ आणि एर्टिगा या पेट्रोल गाड्यांत लेड-ॲसिडच्या जोडीला एक लहान लिथियम-आयन बॅटरी दिली होती. ब्रेक लावताना मिळणारी वीज थोड्या सेकंदांतच गिळावी लागते. ते काम लेड-ॲसिडला जमत नाही, लिथियमला जमते.

पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीमध्येही लिथियमच्या मोठ्या संचाबरोबर १२ व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी दिलेली होती. दिवे, हॉर्न, कुलुपे यांच्यासाठी. पण या दोघी तारेने थेट जोडलेल्या नसतात. मध्ये एक परिवर्तक असतो. तो एका व्होल्टेजची वीज घेऊन दुसऱ्या व्होल्टेजला, ठरवून दिलेल्या मर्यादेत देतो. तलावांच्या भाषेत सांगायचे तर मध्ये उघडा पाट नाही, दार असलेला पाट आहे.

कुठे ठाम नाही

पहिले, एकसर जोडणी नको. तीन लेड-ॲसिड आणि एक लिथियम एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट करण्याचा मोह होतो. एकसर जोडणीत सर्वांतून एकच धारा जाते. तीच धारा सोसताना लेड-ॲसिड आधी संपते, आणि बाकीच्या तिच्यातून धारा ढकलतच राहतात. संपलेल्या घटाची ध्रुवता उलटते आणि तो कायमचा बाद होतो. चार्ज करतानाही एक भरलेली आणि एक अर्धी अशी ओढाताण होते.

दुसरे, मरू घातलेल्या बॅटरीला टेकू म्हणून लिथियम लावू नये. लेड-ॲसिडमधला सहापैकी एक घट आतून जुळून गेला, तर तिचे बल १२.७ वरून १०.६ वर येते. १३.२ व्होल्टच्या लिथियमशी तिला जोडले, तर २.६ भागिले ०.०१५, म्हणजे १७० अँपिअरहून अधिक धारा गाडी उभी असतानाही वाहू लागेल. ४८ व्होल्टच्या संचात एकच घट असा असला, तरी साठाच्या वर अँपिअर वाहतील. तारा तापतात, वेष्टन वितळते. चारही लेड-ॲसिड बॅटऱ्यांचे व्होल्टेज आणि हायड्रोमीटरने प्रत्येक घटातल्या आम्लाची घनता तपासल्याशिवाय ही जोडणी करूच नये. थकलेली बॅटरी चालेल, आजारी नाही.

तिसरे, वाटेल ते लिथियम चालत नाही. अनेक दुचाकींत निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचे घट असतात. त्यांची चार्जिंगची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या संचात असे तेरा घट असतात, म्हणजे मर्यादा ५४.६. लेड-ॲसिडचा चार्जर ५७.६ पर्यंत जातो. वाट्याला प्रत्येकी ४.४३ व्होल्ट! घटांवर नजर ठेवणारे रक्षक-मंडल, ज्याला कारागीर बीएमएस म्हणतात, ते चुकले की आग ठरलेली. लिथियम-लोह-फॉस्फेटचे सोळा घट घेतले, तर त्याच ५७.६ मध्ये प्रत्येकाला ३.६ येतात, आणि त्यांची मर्यादा ३.६५ आहे. जोडी जमते ती या एका योगायोगामुळे. पंधरा घटांचा संच स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तर प्रत्येकी ३.८४ होतात, ते चालत नाही.

चार्जर आणि आपला उन्हाळा

लेड-ॲसिडचे योग्य चार्जिंग व्होल्टेज हवामानाप्रमाणे बदलते. २५ अंश सेल्सिअसला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी १४.४ धरले, तर दर अंशामागे साधारण ०.०२४ व्होल्ट कमी करावे लागतात. मे महिन्यात गोंदियात पारा ४५ ला टेकतो. २० अंशांचे ०.४८ वजा केले की १३.९ उरतात. लिथियमच्या वाट्याला प्रत्येकी ३.४८. ती एवढ्यात जवळजवळ पूर्ण भरते आणि तिच्यावर ताणही येत नाही. आपला उन्हाळा या जोडीच्या चार्जिंगला असा अनुकूल ठरतो, जरी उष्णतेने लेड-ॲसिडचे आयुष्य घटतेच.

डिसेंबरात उलट होते. पारा १० अंशांवर आला, की हवामानाप्रमाणे स्वतः जुळवून घेणारा चार्जर १४.७६ पर्यंत चढेल; म्हणजे लिथियमला प्रत्येकी ३.६९, मर्यादेच्या वर. म्हणून अशा गाडीत चार्जर १४.४ च्या, म्हणजे ४८ व्होल्टच्या गाडीत ५७.६ च्या, वर कधीच जाणार नाही असा बांधून ठेवला पाहिजे. लेड-ॲसिडला अधूनमधून दिला जाणारा १५ व्होल्टच्या वरचा जादा चार्जही लिथियमची तार सोडवल्याशिवाय देऊ नये.

जोडायचीच असेल तर

दोन्ही संच आधी स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करावेत. ११.८ व्होल्टची उतरलेली लेड-ॲसिड आणि १३.३ ची भरलेली लिथियम एकमेकींना लावली, तर पहिल्याच क्षणी १०० अँपिअरची धारा आणि मोठी ठिणगी. जोडणी फक्त संचाच्या दोन टोकांना करावी, मधल्या बॅटऱ्यांना नाही. प्रत्येक संचाला डीसी धारेसाठीचा स्वतंत्र फ्यूज हवा. लिथियमला स्वतःचे रक्षक-मंडल हवेच. आणि ते चढावर अचानक बंद पडले, तर २५० अँपिअरचा भार एकट्या लेड-ॲसिडवर येऊन विभवांतर १०.२ वर कोसळेल, हे गृहीत धरून मोटरचा नियंत्रक निवडावा.

दोन्ही संच एका बंद पेटीत ठेवू नयेत. चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. शिवाय आम्लाची वाफ रक्षक-मंडलाचे तांबे खाते.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मनाने करता येत नाही. विजेवर बदलण्याचा संच पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मान्य केलेला असावा लागतो, आणि बदलाची नोंद आरटीओकडे व्हावी लागते. घरी जुळवलेली गाडी अंगणात चालवून पाहणे वेगळे आणि तीत मुले बसवून रस्त्यावर आणणे वेगळे. निकामी बॅटऱ्या भंगारात फोडायला देऊ नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

वर्गात करून पाहा

साहित्य : १.५ व्होल्टचा एक नवा कोरडा घट, पुन्हा चार्ज होणारा १.२ व्होल्टचा निकेल-धातू-हायड्राइड घट (निम्मा चार्ज असलेला), १० ओहमचे तीन आणि १०० ओहमचा एक रोध, एक मल्टिमीटर.

दोन्ही घटांना एकेक १० ओहमचा रोध एकसर जोडा. हा रोध म्हणजे मोठा करून दाखवलेला अंतर्गत रोध. मग दोन्ही शाखा समांतर जोडा. आधी १०० ओहमचा भार लावा आणि प्रत्येक शाखेतील धारा मोजा. कोरड्या घटातून सुमारे १९ मिलिअँपिअर निघतील, आणि दुसऱ्या घटात सुमारे ६ मिलिअँपिअर उलट शिरताना दिसतील. आता भार १० ओहमचा करा. दुसऱ्या घटाची धारा सुलट होऊन तोही सुमारे ३३ मिलिअँपिअर देऊ लागेल. तुमच्या घटांप्रमाणे आकडे थोडे बदलतील, धारेची दिशा मात्र अशीच उलटेल. हा प्रयोग लिथियमचे घट किंवा गाडीची बॅटरी घेऊन करू नका.

मग विद्यार्थ्यांना विचारा : दुसऱ्या घटातून शून्य धारा यावी यासाठी भार किती ओहमचा हवा? दुसऱ्या घटाचे बल १.२५ व्होल्ट धरले तर उत्तर ५० ओहम येते. हा हिशेब ज्या विद्यार्थ्याला जमला, त्याला सीटखालच्या दोन बॅटऱ्या एकमेकींशी कशा वागतील हेही सांगता येईल. गावात कोणी जुनी गाडी विजेवर करायला निघाले, तर तार जोडण्याआधी त्याने अशा विद्यार्थ्याला घटकाभर बसवून घ्यावे.